तो आहे कुठे?

अटक झालेल्या माणसाच्या घरून फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तो आहे कुठे? गुन्हा कोणता, कलम कोणतं, जामीन होईल का, हे सगळं नंतर. माणूस सुखरूप आहे, अमुक एका छताखाली आहे, एवढं कळेपर्यंत घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. मी दिल्लीत फौजदारी वकिली करते, विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरही आहे. मराठी माणूस इथे अडकला की कुणाकडून तरी माझा नंबर त्याच्या घरच्यांपर्यंत जातो. करोलबागेत गलाईचं काम करणारे खानापूर-आटपाडीकडचे कारागीर, आझादपूर मंडीत माल उतरवून परत निघालेले ट्रकचालक, ओल्ड राजिंदर नगरात यूपीएससीचा अभ्यास करणारी मुलं. या लोकांसाठी केलेल्या कामात युक्तिवादापेक्षा शोधाशोध जास्त असते. लॉ कॉलेजात हे कुणी शिकवत नाही, म्हणून लिहिते आहे.

घरचे ‘दिल्लीत पकडलं’ म्हणतात, पण ती बहुतेक वेळा दिल्ली नसते. दिल्लीचं क्षेत्रफळ १,४८३ चौरस किलोमीटर, आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचं ५५ हजारांहून अधिक. त्यात हरियाणा आहे, उत्तर प्रदेश आहे, राजस्थानातला अलवर-भरतपूरचा टापू आहे. म्हणजे चार पोलीस दलं, चार संकेतस्थळं आणि चार उच्च न्यायालयं. गुरुग्रामच्या कच्च्या कैद्याला भोंडसीला ठेवतात, फरीदाबादच्याला नीमकाला, गाझियाबादच्याला डासनाला, नोएडाच्याला लुक्सरला, आणि दिल्लीच्याला तिहार, रोहिणी किंवा मंडोलीला. गुरुग्रामच्या काचेच्या इमारती मागे टाकून अरवलीच्या कडेकडेनं दक्षिणेला गेलं की तासा-दीड तासात नूह लागतं. २००५ मध्ये मेवात या नावानं वेगळा झालेला हा जिल्हा पुरता शेतकी आहे. मोहरी, गहू, म्हशी, आणि मधूनच जाणारा मुंबईचा एक्सप्रेस-वे. महाराष्ट्रातून निघालेल्या ट्रकचालकाच्या घरच्यांना हा सगळा मुलूख ‘दिल्ली’च वाटतो. त्यांचं काही चुकत नाही. पण शोधणाऱ्याला पहिल्या तासातच राज्य ठरवावं लागतं, नाहीतर पुढचे तास चुकीच्या दारांवर जातात.

माणूस कुठे आहे हे घरच्यांना कळलंच पाहिजे, हा हक्क आपल्याकडे पक्का झाला तो याच भागातल्या एका घटनेवरून. १९९४ च्या जानेवारीत गाझियाबादच्या एका तरुण वकिलाला पोलिसांनी चौकशीसाठी बोलावलं. सोबत भाऊ होते. संध्याकाळी सोडतो म्हणाले. संध्याकाळी त्याला दुसऱ्याच ठाण्यात नेल्याचं कळलं, आणि त्यानंतर तो कुठे आहे ते घरच्यांना कुणी सांगेना. सर्वोच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका गेली तेव्हा कुठे तो न्यायालयासमोर आला. जोगिंदर कुमार विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या नावानं तो निकाल ओळखला जातो. तारीख २५ एप्रिल १९९४. अटक करण्याचा अधिकार असणं वेगळं आणि अटक करण्याचं कारण असणं वेगळं, हे त्यात सांगितलं आहे. अटक झालेल्याच्या एका नातेवाइकाला किंवा मित्राला ती अटक आणि ठिकाण कळवलं पाहिजे, हेही त्यातच आहे.

दोन वर्षांनी, १८ डिसेंबर १९९६ ला, डी. के. बासू खटल्याचा निकाल आला. त्याची सुरुवात पश्चिम बंगालमधल्या विधी साहाय्य संस्थेच्या अध्यक्षांनी १९८६ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रानं झाली होती. कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या त्यांनी पत्रासोबत जोडल्या होत्या. त्या निकालातल्या अकरा सूचना ठाण्याठाण्यांत फलकावर लावलेल्या दिसतात, पण त्यातली एक सूचना परगावच्या माणसासाठी आहे याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. नातेवाईक जिल्ह्याबाहेर राहत असेल तर जिल्ह्यातल्या विधी साहाय्य संस्थेमार्फत आणि त्या नातेवाइकाच्या भागातल्या पोलीस ठाण्यामार्फत आठ ते बारा तासांत तारेनं कळवायचं. तार २०१३ मध्ये बंद झाली, कर्तव्य बंद झालं नाही. हरियाणात धरलेल्या माणसाची खबर बीड जिल्ह्यातल्या त्याच्या ठाण्यात रातोरात पोचायला हवी, असा त्याचा सरळ अर्थ आहे. बीट अंमलदारानं मोटारसायकल काढून वस्तीवर जावं आणि म्हातारीला सांगावं, एवढंच. मोबाइलच्या काळात हे सोपं व्हायला हवं होतं.

पुढे हे कायद्यातही आलं. फौजदारी प्रक्रिया संहितेत ४१-क, ख, ग, घ ही कलमं वाढली आणि २०१० च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. प्रत्येक जिल्ह्यात नियंत्रण कक्ष, त्याच्या बाहेर फलक, फलकावर अटक झालेल्यांची नावं-पत्ते आणि अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव व हुद्दा. राज्याच्या मुख्यालयात जनतेसाठी माहितीसाठा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि तिच्या ३७ व्या कलमानं हे आणखी खाली, ठाण्यापर्यंत नेलं. आता प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा एक अधिकारी नेमलेला असला पाहिजे. अटकेतल्या माणसांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप यांची नोंद त्यानं ठेवायची, आणि ती ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे, डिजिटल पद्धतीनंही, लावायची. जबाबदारी एका माणसावर आली, ही मला या कलमातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. फलकाला प्रश्न विचारता येत नाही. नेमलेल्या अधिकाऱ्याला नावानिशी विचारता येतो.

आता प्रत्यक्षात काय होतं ते एका कामाच्या निमित्तानं सांगते.

आष्टीकडचा एक ट्रकचालक दिल्लीहून परतीचा माल घेऊन निघाला आणि शनिवारी रात्रीपासून त्याचा फोन बंद झाला. रविवारी दुपारी त्याच्या मेहुण्याचा फोन आला. “ताई, दाजी कुठंच लागंना. मालक म्हणतो पोलिसांनी नेलं असंल.” मी त्याला गाडीमालकाकडून फास्टॅगचे मेसेज मागवायला सांगितलं. मुंबईच्या एक्सप्रेस-वेवर टोल बाहेर पडताना कापला जातो, त्यामुळे गाडी कुठल्या फाट्यावर उतरली ते त्या मेसेजवरून कळतं. फाट्यावरून जिल्हा कळला, जिल्ह्यावरून ठाणं. एक तासाच्या आत आम्ही चारातलं एक राज्य आणि त्यातला एक ग्रामीण जिल्हा यावर आलो. ही युक्ती मला एका जुन्या ट्रान्सपोर्टवाल्यानं शिकवली होती आणि तिनं अनेकदा हात दिला आहे.

ठाण्यात फोन केला. मुन्शी म्हणाला, “मॅडम, ऐसा कोई बंदा हमारे यहाँ नहीं है.” तो खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही. हरियाणात सीआयए नावाची गुन्हे अन्वेषण पथकं असतात. ती वेगळ्या जागी बसतात. पुष्कळदा उचलतं पथक, गुन्हा नोंदला जातो ठाण्यात, आणि माणूस दोन्हीच्या मध्ये असतो. म्हणून ‘तुमच्याकडे आहे का’ असं विचारून भागत नाही. ‘तुमच्या ठाण्यात काल-आज कोणकोणते गुन्हे दाखल झाले, त्यातला तपास कुणाकडे आहे, आणि रोजनाम्यात अमुक गाडी नंबरची नोंद आहे का’ असं विचारावं लागतं. माणसाचं नाव चुकतं, गाडीचा नंबर सहसा चुकत नाही.

प्रथम खबर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावी, असं सर्वोच्च न्यायालयानं ७ सप्टेंबर २०१६ ला यूथ बार असोसिएशनच्या याचिकेत सांगितलं. दुर्गम ठिकाणी जास्तीत जास्त बहात्तर तास. लैंगिक गुन्हे, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं वगळून. हरियाणाचं ‘हर समय’ पोर्टल आहे, उत्तर प्रदेशाचं ‘यूपी कॉप’ ॲप आहे. मी ते उघडून बसले होते. पण ताज्या खबरीत आरोपी पुष्कळदा ‘अज्ञात’ असतो, आणि चालकाची अटक त्यानंतरची असते. खबरीवरून गुन्हा सापडतो, माणूस सापडेलच असं नाही. त्याच्यासाठीच तर ३७ व्या कलमातली यादी हवी. जिल्हा मुख्यालयातल्या नियंत्रण कक्षानं सांगितलं की यादी सोमवारी तयार होते.

राज्यघटनेचं २२ वं कलम सांगतं की प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत माणसाला दंडाधिकाऱ्यासमोर उभं करायचं. त्या चोवीस तासांसाठीच ही सगळी नोंद-फलक-यादीची व्यवस्था आहे. मारहाण व्हायची तर ती याच तासांत होते, कोऱ्या कागदावर सह्या याच तासांत घेतल्या जातात, आणि वकील याच तासांत नसतो. सोमवारी लावलेली यादी शनिवारी रात्री उचललेल्या माणसाच्या उपयोगाची नाही. हे मी प्रत्येक बैठकीत सांगते आणि सांगत राहणार आहे.

सोमवारी सकाळी मी त्या जिल्ह्याच्या न्यायालयात पोचले. ग्रामीण न्यायालयात माणूस शोधायचा असेल तर न्यायाधीशाच्या दालनाआधी ‘नायब कोर्ट’ गाठायचा. न्यायालयात नेमलेला हा पोलीस शिपाई. कोण कुठल्या ठाण्यातून आला, कुणाला कोठडी मिळाली, कुणाला कारागृह, हे त्याच्या वहीत असतं. सुट्टीच्या दिवशी ड्यूटी मॅजिस्ट्रेटसमोर कोण उभं राहिलं तेही त्यालाच ठाऊक. त्यानं वही उघडली, रविवारचं पान काढलं, आणि गाडी नंबर विचारला. आमचा माणूस तिथं होता. रविवारी दुपारी चारच्या सुमाराला त्याला चौदा दिवसांची न्यायालयीन कोठडी झाली होती. मेहुणा मला फोन करत होता, जवळपास त्याच वेळी.

मग मी कारागृहाच्या ड्योढीवर गेले. तिथं कच्च्या कैद्याला ‘हवालाती’ म्हणतात आणि आत येण्याच्या नोंदीला ‘आमद’. आमदीच्या रजिस्टरात नाव, बापाचं नाव, गाव, ठाणं, गुन्हा क्रमांक, कलम असे रकाने असतात. आपली नावं त्या रकान्यांत नीट बसत नाहीत. महाराष्ट्रात आधार कार्डावर स्वतःचं नाव, वडिलांचं, मग आडनाव. तिकडचा लिहिणारा पहिले दोन शब्द माणसाचं नाव म्हणून घेतो आणि आडनाव बापाच्या रकान्यात टाकतो. लग्न झालेल्या बाईच्या बाबतीत तर नवऱ्याचं नाव बापाचं होऊन बसतं. ज्ञानेश्वर असेल तर इंग्रजीत आपण डी-एन-वाय लिहितो, हिंदीवाला ऐकून जी-वाय-ए लिहितो. संगणकाला ही दोन वेगळी माणसं. तिहारमध्ये कच्च्या कैद्याला कोणत्या नंबरच्या जेलात ठेवायचं हे नावाच्या आद्याक्षरावरून ठरवण्याची पद्धत वर्षानुवर्षं चालत आली आहे. त्यामुळे एका स्पेलिंगनं माणूस वेगळ्या भिंतींआड जातो, आणि भाऊ दुसऱ्याच फाटकावर उभा राहतो. म्हणून मी घरच्यांकडून आधार कार्डाचा फोटो, वडिलांचं नाव वेगळं लिहून, आणि गावाचं, तालुक्याचं, जिल्ह्याचं नाव हिंदीत लिहून मागते. ई-मुलाकातीची नोंदणी करतानाही हाच कागद लागतो.

चालक भेटला. धक्क्यात होता, पण धडधाकट होता. परतीच्या मालातले पंख्यांचे काही खोके कमी भरले म्हणून माल पाठवणाऱ्यानं अपहाराची तक्रार दिली होती. अटक मेमोत ‘नातेवाइकाला कळवले’ या रकान्यासमोर एक मोबाइल नंबर होता. तो नंबर त्या चालकाचाच होता, आणि तो फोन जप्तीच्या पंचनाम्यात होता. मी तो मेमो दंडाधिकाऱ्यांसमोर ठेवला. नागरिक सुरक्षा संहितेच्या ४८ व्या कलमात दंडाधिकाऱ्यावरच एक काम सोपवलं आहे: नातेवाइकाला खरोखर कळवलं का, याची खात्री त्यानं करून घ्यायची. दंडाधिकारी बाईंनी तो रकाना वाचला, तपास अधिकाऱ्याला उभं केलं आणि विचारलं. जामीन अर्जावर त्याचा परिणाम झाला की नाही हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण जामीन झाला.

त्या माणसानं मला अटकेच्या कारणांचा कागद दाखवला. देवनागरी त्याला वाचता येते, हिंदी समजते. पण ‘मुलजिम’, ‘हस्ब जाब्ता’, ‘बरामदगी’ या कचेरीच्या भाषेतून आपल्यावर आरोप काय आहे हे त्याला उमगलं नव्हतं. गुरुग्रामच्याच एका अटकेवरून, विहान कुमार प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं ७ फेब्रुवारी २०२५ ला म्हटलं की अटकेची कारणं माणसाला समजतील अशी कळवली नाहीत तर अटकच बेकायदा ठरते. त्याच वर्षी वरळीच्या अपघात प्रकरणातून आलेल्या मिहिर शहा निकालानं आणखी पुढं जाऊन लेखी, आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत, असं सांगितलं. मराठी चालकाला हरियाणात मराठीत कागद मिळेल का? मिळायला हवा. त्यासाठी आम्ही काही मराठी वकिलांनी दिल्लीत बसून भाषांतराची जबाबदारी वाटून घेतली आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाकडून ईमेल आली की कुणीतरी त्या रात्रीच करून पाठवतो.

राज्याची हद्द ओलांडून येणारे पोलीस ही आणखी एक अवघड गोष्ट. दिल्लीतल्या भाड्याच्या खोलीतून दुसऱ्या राज्याचं पथक मुलाला घेऊन जातं आणि इथल्या ठाण्याला पत्ता नसतो. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं संदीप कुमार खटल्यात याची कार्यपद्धती आखून दिली: आल्यावर स्थानिक ठाण्यात नोंद, जाताना नोंद. तरीही २०२१ मध्ये शामलीच्या पोलिसांनी दिल्लीतून एका बापाला आणि मुलाला नेल्याचं प्रकरण त्याच न्यायालयात आलं आणि न्यायालयानं त्यांना कडक शब्दांत सुनावलं. अशा वेळी शेवटचा मार्ग बंदी प्रत्यक्षीकरणाचा. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाची एक जुनी रीत मला फार आवडते. तक्रार आली की न्यायालय आपला वॉरंट ऑफिसर थेट ठाण्यावर पाठवतं. तो न सांगता जातो, खोल्या उघडायला लावतो, रोजनामा तपासतो. याचिका चंदीगडला करावी लागते, दिल्लीहून अडीचशे किलोमीटर, आणि गरिबाला ते अंतर फार आहे. पण नुसतं ‘याचिका करतोय’ एवढं कळवल्यावर माणूस सापडल्याचेही अनुभव आहेत.

बहुतेकांना हे काही माहीत नसतं. १५१०० हा विधी सेवेचा नंबर फुकट आहे, आणि कोठडीतल्या माणसाला, त्याची मिळकत किती का असेना, मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्यात आहे. २०२२ अखेर देशातल्या कारागृहांत ५ लाख ७३ हजार माणसं होती, त्यातली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी. त्यांतल्या कितीजणांच्या घरी पहिल्या चोवीस तासांत फोन गेला असेल?

आता ३७ व्या कलमातल्या त्या यादीची दुसरी बाजू. अमेरिकेत पुष्कळ ग्रामीण काउंट्यांत शेरीफच्या संकेतस्थळावर तुरुंगात आलेल्यांची नावं, फोटो, जामिनाची रक्कम सगळं खुलं असतं. नातेवाइकाला ते मिनिटात सापडतं, हे चांगलंच. पण त्याच फोटोंचा धंदा झाला. फोटो उचलून आपल्या पानावर लावायचे आणि काढायचे पैसे मागायचे. २०१३ पासून जॉर्जिया, ऑरेगॉन, कॅलिफोर्निया अशा राज्यांना त्याविरुद्ध कायदे करावे लागले. आपल्याकडेही, निर्दोष सुटलेल्या एका अमेरिकन नागरिकानं आपल्या खटल्याचा निकाल इंटरनेटवर सापडतो म्हणून नोकरी मिळत नाही, अशी तक्रार केली आणि २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तो शोधयंत्रांतून हटवायला सांगितलं. अटकेची नोंद उघडी असावी ती माणसाच्या रक्षणासाठी. कुणीतरी त्याला शोधत असणार, त्याला सापडावा म्हणून. ते काम झालं, आणि पुढे गुन्हाच उरला नाही, की ते नाव तिथं लोंबकळत ठेवण्याचं मला कारण दिसत नाही. ३७ वं कलम नाव कधी लावायचं ते सांगतं, कधी काढायचं त्याबद्दल गप्प आहे.

आष्टीच्या चालकाच्या प्रकरणात पंख्यांचे खोके पुढं दुसऱ्याच शहरातल्या गोदामात सापडले. भरतानाच गाडी बदलली होती. पोलिसांनी कॅन्सलेशन रिपोर्ट, म्हणजे गुन्हा रद्द करण्याचा अहवाल, दाखल केला, न्यायालयानं तो मंजूर केला, प्रकरण संपलं. रविवारी जी यादी मला कुणी देऊ शकलं नव्हतं, ती काही आठवड्यांनी पीडीएफ होऊन संकेतस्थळावर चढली. आडनाव बापाच्या रकान्यात, बाकी सगळं बरोबर. नव्या गाडीमालकानं कामावर ठेवण्याआधी त्याचं नाव शोधलं आणि त्याला ते सापडलं. चालकानं मला फोन करून विचारलं, “ताई, तिथलं नाव निघतंय का बघा की. लेकीचं जमवायचंय.”

मी जिल्ह्याच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज केला आहे. सोबत मंजूर कॅन्सलेशन रिपोर्टची प्रमाणित प्रत, आणि दोन मागण्या: हे नाव काढावं, आणि यापुढे रविवारची यादी रविवारीच लावावी. त्यांनी पोच दिली आहे, तारीख घालून, स्वतःचं नाव आणि हुद्दा लिहून. उत्तर आलं नाही तर पुढचा अर्ज चंदीगडला करायचा आहे, कागद तयार ठेवले आहेत.